छायाचित्रातील शोध आणि त्यामागचे श्रम

छायाचित्र घेण्यासाठी लागणारा वेळ आणि छायाचित्र घेता येण्यासाठी लागणारा वेळ यांत फार मोठे अंतर असते, आणि या कलेविषयीचे बहुतेक गैरसमज हे अंतर लक्षात न घेतल्यामुळे पसरलेले आहेत. कॅमेऱ्याचा पडदा उघडून मिटण्याची क्रिया सेकंदाच्या शंभराव्या भागातही पूर्ण होऊ शकते. परंतु एखाद्या वस्तूवर कोणत्या प्रहरी कसा प्रकाश पडतो, हाती असलेली काच किंवा फिल्म त्यातला कोणता भाग टिपते आणि कोणता सोडून देते, हे कळण्यासाठी माणसाला अनेक वर्षे हात काळे करावे लागतात. छायाचित्रणाच्या इतिहासात ज्यांना खऱ्या अर्थाने शोध म्हणता येईल अशा गोष्टी, म्हणजे डोळ्यांना एरवी न दिसणारे काही दिसणे किंवा हरवले असे वाटणारे पुन्हा सापडणे, या जवळजवळ नेहमी अशा दीर्घ कामाच्या पोटी जन्मल्या आहेत. महाराष्ट्राच्या भूमीवर याची ठळक उदाहरणे घडलेली आहेत, आणि त्यांचा धागा परभणी जिल्ह्यातील मानवतसारख्या कापसाच्या गावापर्यंत सहज आणता येतो.

हा धागा अक्षरशः कापसाचाच आहे. मानवतच्या बाजारात येणारा कापूस जिनिंगमध्ये जाऊन सरकी वेगळी झाल्यावर जी रुई उरते, तिच्यासारखीच स्वच्छ रुई नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात भिजवून, धुऊन, वाळवली म्हणजे दिसायला कापूसच राहणारा पण ठिणगी पडताच भडकणारा एक पदार्थ तयार होतो. त्याला गनकॉटन, म्हणजे स्फोटक कापूस, असे म्हणतात. हा पदार्थ ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवला की कलोडियन नावाचे मधासारखे दाट, पारदर्शक द्रावण मिळते, आणि १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने त्याच द्रावणाचा थर काचेवर देऊन छायाचित्र घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे गनकॉटनसारख्याच पदार्थात कापूर मिसळून सेल्युलॉइड बनू लागले आणि त्याच्या लांब पट्ट्यांवर चलच्चित्रे घेता येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील छायाचित्रण आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील चित्रपट या दोहोंचा पाया अशा रीतीने कापसाच्या तंतूवर उभा होता.

आर्चरच्या पद्धतीला ओल्या काचेची पद्धत म्हणतात, आणि तिच्यातील श्रम समजल्याशिवाय त्या काळातील कोणत्याही छायाचित्राचे मोल कळत नाही. प्रथम काच घासून इतकी स्वच्छ करावी लागे की बोटाचा ठसाही राहू नये. नंतर तिच्यावर कलोडियन ओतून काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत थर सारखा पसरवावा लागे. मग ती अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवली की कलोडियनमध्ये आधीच मिसळलेल्या आयोडाइडशी चांदीचा संयोग होऊन ती प्रकाशाला संवेदनशील बने. यानंतरचे सर्व काम, म्हणजे काच कॅमेऱ्यात घालणे, प्रकाश देणे, परत तंबूत आणून चित्र उमटवणे, हे तो थर वाळण्याच्या आत उरकावे लागे, कारण वाळलेली काच जवळजवळ निरुपयोगी होई. थंड हवेत यासाठी दहा-पंधरा मिनिटे मिळत. दख्खनच्या उन्हाळ्यात ईथर भराभर उडून जात असल्यामुळे त्याहूनही कमी. चित्र उमटल्यावर ते हायपोच्या किंवा पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात पक्के करायचे, भरपूर पाण्याने धुवायचे, वाळवून वॉर्निश लावायचे आणि मग ती काच न फुटता मुक्कामी पोहोचवायची. डोंगरात काम करणाऱ्या माणसाला तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, तिपाई आणि पाणी हे सारे सोबत न्यावे लागे, आणि ते वाहून नेणाऱ्या मजुरांची नावे इतिहासात फारशी उरलेली नाहीत, ही या विषयातील एक खरी उणीव आहे.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मराठी माणसे आरंभापासूनच या कलेत रस घेऊ लागली. नारायण दाजी हे स्वतः वैद्यकीचे शिक्षण घेतलेले होते, आणि रसायने मोजून, नोंद ठेवून वापरण्याची सवय असलेल्या माणसांनी ही कला प्रथम आत्मसात करावी हे स्वाभाविकच होते. परंतु श्रम आणि शोध यांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो मुंबईपासून दूर, तेव्हाच्या निजाम राज्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत.

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली, आणि १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची तेथील भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती काढण्यासाठी नेमणूक झाली. गिल अजिंठा गावात राहिला आणि पुढची कितीतरी वर्षे वटवाघळांची दुर्गंधी, ओलावा, ताप आणि अंधार यांत बसून कापडावर मोठमोठ्या प्रतिकृती रंगवीत राहिला. त्या प्रतिकृती इंग्लंडला पाठवण्यात आल्या, लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आल्या आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत मोजके अपवाद वगळता जळून गेल्या. एका माणसाच्या आयुष्यातील उत्तम वर्षांचे काम अशा रीतीने नाहीसे झाले. मात्र १८५६ च्या सुमारापासून गिलने ब्रशच्या जोडीला कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्याने घेतलेली छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकाच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनला दोन पुस्तकांतून प्रसिद्ध झाली होती. छापून अनेक हातांत गेलेले चित्र एका आगीत जळत नाही; त्यामुळे गिलने पाहिलेली लेणी, विशेषतः त्यांचे दर्शनी भाग, स्तंभ आणि शिल्पे, जगापुढे राहिली ती कॅमेऱ्याच्या द्वारे.

या छायाचित्रांत भिंतीवरील रंगीत चित्रांपेक्षा शिल्पे आणि वास्तू यांचेच प्रमाण अधिक आहे. गिलचे खरे काम चित्रांचे असूनही कॅमेरा शिल्पांकडे का वळला, याची दोन कारणे सांगता येतात आणि दोन्ही प्रकाशाची आहेत. पहिले कारण उघड आहे: वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारख्या आकाराच्या कड्यात ही लेणी कोरलेली असल्याने सगळ्यांची तोंडे एका दिशेला नाहीत, कोणत्या लेण्यात ऊन केव्हा शिरेल हे वेळेवर आणि ऋतूवर ठरते, आणि मागच्या भिंतींपर्यंत तर ते क्वचितच पोहोचते. दुसरे कारण अधिक खोल आहे. त्या काळातील काच मानवी डोळ्याप्रमाणे सर्व रंग पाहू शकत नसे. निळा आणि जांभळा प्रकाश तिच्यावर चटकन परिणाम करी, तर पिवळ्या आणि तांबड्या प्रकाशाला ती जवळजवळ आंधळी होती. अजिंठ्याच्या चित्रकारांचे मुख्य रंग गेरू आणि पिवळी माती हे असल्यामुळे डोळ्यांना उबदार व तेजस्वी दिसणारी आकृती अशा काचेवर काळवंडून जाई, आणि मोजक्या ठिकाणी वापरलेला मौल्यवान निळा रंग मात्र पांढरा फटक उमटे. म्हणजे प्रकाश पुरेसा मिळाला असता, तरी चित्राचा अर्थच उलटा होऊन हाती आला असता.

ही अडचण पुढे बर्लिनमधील प्राध्यापक हेर्मान फोगेल यांच्या हातून सुटू लागली. फोगेल १८७३ मध्ये काचांची वर्णपटावर तपासणी करत होते. वर्णपट म्हणजे लोलकातून जाताना प्रकाश ज्या रंगांच्या पट्ट्यांत विभागला जातो तो पट. तपासणीत काही काचा हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देत असल्याचे त्यांना आढळले, आणि उत्पादकाने वेगळ्याच हेतूने त्या काचांत मिसळलेला रंग हे त्याचे कारण आहे, असे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. योग्य रंगद्रव्य मिसळले तर काचेला नवे रंग दिसू लागतात, हे त्यातून कळले. विसाव्या शतकाच्या आरंभी तांबड्यासह सर्व रंगांना संवेदनशील अशा काचा मिळू लागल्या. फोगेल यांना हे योगायोगाने सापडले असे सांगितले जाते, परंतु तोच योगायोग त्या काचा वापरणाऱ्या इतर अनेकांच्या डोळ्यांसमोरून गेला असला पाहिजे. ज्याने रोज काचा तपासून त्यांचे नेहमीचे वागणे पाठ केले होते, त्यालाच एका काचेचे वेगळे वागणे खटकले.

अजिंठ्याच्या बाबतीत या प्रगतीचे फळ बऱ्याच उशिरा आले. मधल्या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रतिकृती काढल्या, आणि त्यांपैकीही कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत नष्ट झाल्या. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मात्र चित्रे छायाचित्रांवर आधारलेली होती, आणि रंगांची खरी छाया पकडण्याचा प्रयत्न त्यांत प्रथमच मोठ्या प्रमाणावर झाला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्याचा भाग होता, त्यामुळे मानवत आणि अजिंठा ही एकाच सरकारच्या अमलाखालील ठिकाणे होती. प्रदेशाच्या स्वतःच्या शासनाने आपल्या वारशाचे छायाचित्रण हाती घेतल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

त्याआधी, १९२० ते १९२२ मध्ये, निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांचे पोपडे भिंतीला पक्के बसवले, परंतु त्यांवर दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळा-तपकिरी पडून चित्रे झाकोळली. अशा प्रसंगी जुन्या छायाचित्राचे मोल वाढते. एखाद्या आकृतीचा हात पूर्वी होता का, पोपडा केव्हा पडला, काळपटपणा मूळ रंगाचा आहे की वर दिलेल्या थराचा, हे दोन वेगवेगळ्या काळांतील छायाचित्रे शेजारी ठेवल्याशिवाय ठामपणे सांगता येत नाही. पहिले छायाचित्र घेणाऱ्याला ही तुलना माहीत नसते. तो केवळ आपले काम नीट करून, ठिकाण आणि दिवस लिहून ठेवतो, आणि त्याच्या श्रमातील शोध पन्नास किंवा शंभर वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या हाती लागतो. अनेकदा सुंदर छायाचित्रापेक्षा नीट नोंद असलेले सामान्य छायाचित्र अभ्यासाला अधिक उपयोगी पडते, आणि हे तत्त्व छायाचित्रण शिकवताना जितके सांगायला हवे तितके सांगितले जात नाही.

अजिंठ्यात अडचण अंधाराची होती. दादासाहेब फाळके यांच्यापुढे ती काळाची होती. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, परंतु चित्रपटाकडे वळण्यापूर्वी चाळिशीपर्यंत ते जे काही शिकले ते पाहिले म्हणजे पुढील यशाचे स्वरूप बदलून दिसते. मुंबईचे जे. जे. स्कूल आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावल्यावर तो सोडला, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली, ब्लॉक तयार करण्याची आणि तीन रंगांत छपाई करण्याची विद्या मिळवली, जादूचे प्रयोगही केले आणि जर्मनीला जाऊन छपाईची यंत्रे पाहिली. यांतील प्रत्येक विद्या त्या त्या वेळी अपुरी किंवा तोट्याची ठरली, आणि प्रत्येक विद्या पुढे चित्रपटात उपयोगी पडली.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून ते भारावले, आणि त्यानंतर मिळतील ती पुस्तके, यंत्रे आणि चित्रपट यांच्या अभ्यासात त्यांनी स्वतःला इतके झोकून दिले की अपुरी झोप आणि सततचा ताण यांमुळे त्यांची दृष्टी काही काळ गेली, डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. नंतर विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ च्या आरंभी लंडनला गेले, तेथे चित्रपटनिर्मिती प्रत्यक्ष पाहिली आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन परतले. मुंबईत भांडवल देणाऱ्यांना मात्र या धंद्याची खात्री वाटेना. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसवला आणि रोप उगवून वाढेपर्यंतच्या महिनाभराच्या काळात ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत राहिले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लहानशा चित्रफितीत बी फुटून वेल वर चढताना मिनिटभरात दिसे, आणि ती पाहूनच कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसला.

या पद्धतीचे गणित साधे आहे. मूकपटांच्या काळात पडद्यावर सेकंदाला सुमारे १६ चौकटी दाखवल्या जात. याचा अर्थ मिनिटभराच्या दृश्यासाठी सुमारे ९६० चौकटी लागतात. महिनाभराची वाढ एका मिनिटात दाखवायची तर रोज सरासरी ३२ चौकटी, म्हणजे साधारण पाऊण तासाला एक, अशी रात्रंदिवस जागता पहारा मागणारी शिस्त लागते. चौकटी कमी घेतल्या तर चित्र तेवढे लहान होते किंवा धक्क्यांनी पुढे सरकते. शिवाय त्या महिनाभरात कॅमेरा केसभरही हलून चालत नाही, पाणी घालताना कुंडी जागची सरकून चालत नाही, आणि प्रकाश बदलला तर पडद्यावर चित्र लुकलुकते. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये फुले उमलतानाची अशी दृश्ये दाखवली होती, त्यामुळे फाळके यांचा प्रयोग जगात पहिला नव्हता. परंतु मुंबईतील एका घरात, उसनवारीच्या पैशांवर, हाताने चालणाऱ्या यंत्राने तो करणे हे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व होते. रोपाची गती डोळ्यांना दिसत नाही, कारण डोळा महिनाभर एकाच जागी एकाग्र राहू शकत नाही. तो धीर फाळके यांनी कॅमेऱ्याला दिला.

‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. सुमारे ३,७०० फूट लांबीच्या या चित्रपटातील श्रमांचा एक भाग पडद्यावर कधीच दिसत नाही, आणि तो त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांचा आहे. त्या वेळी कच्ची फिल्म कडेची छिद्रे न पाडताच मिळे. यंत्राचे दाते ज्या छिद्रांत अडकून फिल्म पुढे सरकते ती छिद्रे घरीच पाडावी लागत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला एका बाजूस चार छिद्रे असतात, म्हणजे फुटाला एका बाजूस ६४. ३,७०० फुटांसाठी हा आकडा २ लाख ३६ हजारांच्या पुढे जातो, आणि दुसरी कड त्याशिवाय. मूळ निगेटिव्ह आणि दाखवण्याची प्रत या दोन्हींना हे काम लागे. प्रकाश लागला तर फिल्म वाया जाणार असल्यामुळे हे सर्व अंधारात, हाताच्या स्पर्शावर भरवसा ठेवून करायचे असे. सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे आणि चित्रे उमटवणे ही कामे शिकल्या आणि त्याच वेळी चित्रपटासाठी घरी राबणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळत होत्या. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचे नाव निःसंकोचपणे घेतले पाहिजे, आणि ते अजूनही पुरेशा ठळकपणे घेतले जात नाही.

फाळके यांचे चित्रपट पाहून प्रेरित झालेल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेराच स्वतः घडवला. त्यांचे आतेबंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी हे काम आरंभले. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तल्यावर दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मदतीने ते तडीस गेले, आणि त्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला. सुतारकाम, लोहारकाम आणि चित्रकला यांची परंपरा ज्या गावात जिवंत होती, तेथेच हे होऊ शकले.

शोधाचे आणखी एक वेगळे रूप नंदुरबारच्या सातपुड्यात पाहायला मिळते. रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८७२ मध्ये प्रथम मिळाला, पुढच्या वर्षी अॅलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १८८४ पर्यंत मिळालेल्या केवळ सात नमुन्यांनंतर तो जणू नाहीसा झाला. गुजरातेतील मांडवी येथे १९१४ मध्ये मिळाल्याचे सांगितले गेलेला एक नमुना संग्रहालयात होता, आणि त्यामुळे पक्षी शोधणाऱ्यांची दिशा बराच काळ चुकत राहिली. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतील पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील जुने नमुने बारकाईने तपासून हा नमुना बनावट असल्याचे दाखवले. तो दुसऱ्याच संग्राहकाचा जुना पक्षी चोरून, नवीन चिठ्ठी लावून ठेवलेला होता. ती खोटी नोंद बाजूला काढल्यावर उरलेल्या खऱ्या ठिकाणांची यादी घेऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबॉट हे नोव्हेंबर १९९७ मध्ये शोधाला निघाले, आणि २५ नोव्हेंबरला शहाद्याजवळच्या रानात उघड्या फांदीवर, दिवसाढवळ्या बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. त्याचे छायाचित्रण झाले, आणि ११३ वर्षांनंतरच्या या पुनर्शोधाचा पुरावा जगापुढे आला.

रानपिंगळा आणि आपल्याकडे गावोगाव दिसणारा साधा पिंगळा यांत फरक थोडा आहे: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, तर रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, चोच मोठी आणि पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. हा फरक ज्याला आधीच पाठ नसेल, त्याच्या कॅमेऱ्यासमोर रानपिंगळा येऊन बसला तरी त्याच्या हाती एका सामान्य घुबडाचे छायाचित्र लागेल. शहाद्याजवळ जो क्षण आला त्याची तयारी संग्रहालयांच्या खणांत, जुन्या चिठ्ठ्यांवरील अक्षर आणि नमुन्यांची शिवण तपासण्यात झालेली होती. एकोणिसाव्या शतकात पक्ष्याचे अस्तित्व सिद्ध करण्यासाठी त्याला मारून आणावे लागे. १९९७ मध्ये छायाचित्र पुरले, आणि छायाचित्रणाने माणसाला दिलेली ही एक मोठी नैतिक देणगी समजली पाहिजे.

या सर्व उदाहरणांत महागडी साधने क्वचितच निर्णायक ठरली. आज मानवत परिसरातील जवळजवळ प्रत्येक घरात जो मोबाइल आहे, त्याचा कॅमेरा मंद प्रकाशात आणि रंगांच्या बाबतीत गिल किंवा फाळके यांना स्वप्नातही न मिळालेले काम करतो. उणीव असलीच तर ती ठरवून, एकाच जागेवरून, दीर्घकाळ केलेल्या कामाची आहे. फाळके यांनी वाटाण्यावर जे केले ते मानवतच्या शेतात कापसावर करता येईल, आणि त्यासाठी शाळेतील विद्यार्थीही पुरेसे आहेत.

कपाशीचे फूल पहिल्या दिवशी सकाळी पांढरट-पिवळसर उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग सुकून गळते. त्याच्या जागी धरलेले बोंड फुटून कापूस बाहेर यायला सुमारे दीड महिना लागतो. शेतकऱ्याला हे सारे ठाऊक असते, परंतु एकाच बोंडाची पाते लागल्यापासून वेचणीपर्यंतची सलग छायाचित्रमालिका त्याने सहसा पाहिलेली नसते. अशा मालिकेचा उपयोग केवळ शोभेचा नाही. गुलाबी बोंडअळीने ग्रासलेले फूल नीट उमलत नाही, त्याच्या पाकळ्या अळीच्या धाग्यांनी बांधल्यासारख्या मिटून राहतात आणि गुलाबाच्या कळीसारखा आकार दिसतो; शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातील कपाशीचे मोठे नुकसान केले, आणि तेव्हापासून कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री दररोज आठ किंवा अधिक पतंग अडकणे ही धोक्याची पातळी शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगितली जाते. बोंडात शिरलेली अळी बाहेरून दिसत नाही. म्हणून पहिली डोमकळी कोणत्या तारखेला, कोणत्या शेतात, कोणत्या वाणावर दिसली याची छायाचित्रासह नोंद झाली तर पुढच्या हंगामाला ती मार्गदर्शक ठरते, आणि पाच-सहा वर्षांच्या अशा नोंदी एकत्र आल्या तर तालुक्याच्या पातळीवर असे काही समजू शकेल, जे एकाच हंगामाच्या पाहणीतून कळत नाही.

ज्यांना हे काम करायचे असेल त्यांनी पेरणीनंतर शेतात एक खुंटी रोवावी, मोबाइल दररोज त्याच खुंटीवर, त्याच उंचीवर आणि शक्यतो सकाळच्या त्याच वेळी ठेवून त्याच झाडाचे छायाचित्र घ्यावे, आकाराचा अंदाज येण्यासाठी शेजारी पट्टी धरावी, आणि तारीख, शेताचे ठिकाण, वाण, पाऊस व फवारणी यांची नोंद वहीत लिहावी. मूळ छायाचित्रावर कोणतीही सजावट करू नये आणि ते दुसऱ्या ठिकाणी जतन करावे. एखादा दिवस चुकला तर तो रिकामा सोडावा, दुसऱ्या दिवसाच्या छायाचित्रावर आदल्या दिवसाची तारीख घालू नये; मांडवीच्या खोट्या चिठ्ठीने रानपिंगळ्याचा शोध किती वर्षे लांबवला हे लक्षात ठेवावे. हंगाम संपल्यावर ही मालिका आणि वही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कापूस तज्ज्ञांना दाखवावी. विद्यापीठ मानवतपासून दूर नाही, आणि कपाशीची पेरणी दर जूनमध्ये होते.